जुनी टाइम ट्रायल सायकल आणि नवी गती : वर्ध्याच्या रस्त्यावरील एक हिशेब

सायकलशर्यतींच्या अनेक प्रकारांत टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने धावण्याची शर्यत, हा सर्वांत निर्भेळ प्रकार मानला जातो. इंग्लंडमध्ये १८९५ साली एफ. टी. बिडलेक यांनी या प्रकाराला आजचे रूप दिले. स्पर्धक ठराविक अंतराने एकेकटे सुटतात. दुसऱ्याच्या मागे दडून वारा चुकविण्याची मुभा कोणालाही नसते. आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो तो विजयी ठरतो. डावपेचांना येथे फारसा वाव नसल्यामुळे निकालात दोनच गोष्टी उरतात असे सामान्यतः समजले जाते : स्वाराचे बळ आणि त्याचे यंत्र. बळ वाढविण्यास वर्षे लागतात; यंत्र मात्र पैसे मोजले की एका दिवसात बदलता येते. म्हणूनच दहा-पंधरा वर्षांपूर्वीची टाइम ट्रायल सायकल ज्याच्याजवळ आहे अशा प्रत्येक स्वारापुढे केव्हा ना केव्हा हा प्रश्न उभा राहतो की, ती सुधारून घेतल्याने किंवा तिच्या जागी नवी घेतल्याने वेग खरोखर वाढतो काय.

वर्ध्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. नव्या टाइम ट्रायल सायकलीची किंमत लाखांच्या घरात जाते. जिल्हा किंवा विद्यापीठ पातळीवर स्पर्धेत उतरणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी ही रक्कम कित्येकदा वर्षाच्या उत्पन्नाएवढी असते. अशा वेळी ‘नव्या सायकलीने वेग वाढतो’ हे विधान खरे आहे की खोटे, आणि खरे असल्यास किती प्रमाणात, याचा निर्णय जाहिरातीवर किंवा सांगोवांगीवर न सोडता हिशेबाने करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात तसा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वाराची शक्ती कोठे खर्च होते

सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला मुख्यतः दोन विरोधांशी झगडावे लागते. पहिला हवेचा, म्हणजे वायुरोध. दुसरा टायर रस्त्यावर लोटताना दबतो व पुन्हा फुगतो त्यामुळे होणारा, म्हणजे लोटन-घर्षण. याखेरीज साखळी व बेअरिंग यांत थोडी शक्ती वाया जाते, आणि रस्ता चढाचा असल्यास गुरुत्वाकर्षणाची भर पडते. १९९८ साली जेम्स मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्व घटकांची बेरीज करणारे गणिती प्रारूप प्रत्यक्ष रस्त्यावरील मोजमापांशी ताडून पाहिले आणि दोहोंचा मेळ उत्तम बसतो असे दाखविले. तेव्हापासून या विषयातील बहुतेक विचार त्याच चौकटीत होत आला आहे.

वायुरोधाचे बल हवेची घनता, रोधक्षेत्र आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. रोधक्षेत्र म्हणजे स्वार व सायकल मिळून समोरून दिसणारे क्षेत्रफळ गुणिले त्या आकाराचा रोधगुणांक. बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. याउलट लोटन-घर्षणाचे बल वेगावर जवळजवळ अवलंबून नसते. ते एकूण वजन आणि टायर व रस्ता यांच्या जोडीचा गुणांक यांवर ठरते.

येथून पुढील सर्व आकडे तुलनेसाठी एका कल्पित पण वास्तवाला धरून असलेल्या स्वाराचे आहेत. स्वार व सायकल यांचे एकत्र वजन ७८ किलोग्रॅम; पॅडलवर सतत लावलेली शक्ती २२० वॉट, पैकी शेकडा ९७ भाग मागच्या चाकापर्यंत पोहोचतो; रोधक्षेत्र ०.२६ चौरस मीटर. खडबडीत डांबरी रस्ता व जुने टायर यांचा लोटन-गुणांक ०.००५५, आणि हवेची घनता घनमीटरला १.१३ किलोग्रॅम. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवरील वर्ध्याला तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना हवेची घनता साधारण एवढी भरते. वारा नसलेल्या सपाट रस्त्यावर या स्वाराचा वेग ताशी सुमारे ३७.७ किलोमीटर येतो आणि ४० किलोमीटर अंतर कापण्यास त्याला ६३ मिनिटे ३५ सेकंद लागतात. चाकापर्यंत पोहोचलेल्या २१३ वॉटपैकी सुमारे १६९ वॉट हवेशी झगडण्यात आणि ४४ वॉट टायर लोटण्यात जातात. थोडक्यात, ऐंशी टक्के लढाई हवेशी आहे आणि वीस टक्के रस्त्याशी.

या विभागणीवरूनच पुढील विवेचनाची दिशा ठरते. जुन्या सायकलीचे वय हे या समीकरणातील पद नव्हे. एखादी सुधारणा रोधक्षेत्र, लोटन-गुणांक, वजन किंवा शक्तीची गळती यांपैकी काय बदलते आणि किती बदलते, एवढाच प्रश्न उरतो.

सुधारणांचे मोल

वरील स्वाराने एका वेळी एकच बदल केला असे धरले, तर ४० किलोमीटरमध्ये वाचणारा वेळ असा येतो :

सायकलीचे वजन १ किलोग्रॅमने कमी केल्यास : सुमारे ४ सेकंद.
स्वच्छ व योग्य वंगण दिलेल्या साखळीमुळे गळती शेकडा ३ वरून २ वर आल्यास : सुमारे १५ सेकंद.
नव्या फ्रेममुळे रोधक्षेत्र ०.००५ चौरस मीटरने घटल्यास : सुमारे २२ सेकंद.
चांगल्या टायर-ट्यूबमुळे लोटन-गुणांक ०.००५५ वरून ०.००४० वर आल्यास : सुमारे ८० सेकंद.
बैठक, अंगावरील कपडे व शिरस्त्राण यांत सुधारणा करून रोधक्षेत्र ०.२६ वरून ०.२४ वर आणल्यास : सुमारे ९२ सेकंद.

ही यादी बाजारातील किंमतींच्या क्रमाशी ताडून पाहिली तर विसंगती लगेच ध्यानात येते. सर्वांत महाग वस्तू म्हणजे फ्रेम. तिचा क्रमांक तळाकडून तिसरा लागतो. वजन, ज्याच्या घटीसाठी सर्वाधिक अट्टहास केला जातो, सपाट रस्त्यावर जवळजवळ निरर्थक ठरते. चढावर मात्र चित्र पालटते. शेकडा ४ चढाच्या ५ किलोमीटरमध्ये तोच एक किलोग्रॅम आठ-नऊ सेकंदांचा होतो. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेस आर्वी, आष्टी, कारंजा या भागांत जमीन डोंगराळ आहे, तर हिंगणघाटकडील प्रदेश बहुतांशी सपाट आहे. सुधारणेचा विचार करणाऱ्याने प्रथम आपली शर्यत कोणत्या रस्त्यावर होते ते पाहावे हे उचित.

बैठकीला एवढे महत्त्व का, याचे कारण सोपे आहे. टाइम ट्रायलमधील एकूण वायुरोधापैकी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग स्वाराच्या शरीरामुळे उद्‌भवतो. सायकल कितीही निमुळती केली तरी तिच्यावर बसलेला मनुष्य निमुळता होत नाही. कोपर जवळ घेणे, मान खाली आणणे, खांदे आवळणे, अंगाबरोबर बसणारा पोशाख घालणे या गोष्टींचा परिणाम फ्रेमच्या नळीच्या आकारापेक्षा मोठा असतो. जुन्या सायकलीवर हँडलच्या कोपर-गाद्या हलविता येत असतील, तर पाना घेऊन अर्धा तास काम केल्याने जे मिळू शकते ते नव्या फ्रेमने मिळेलच असे नाही.

येथे एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. बैठक फार खाली नेली की श्वास कोंडतो, मांडी व धड यांमधील कोन आवळतो आणि शक्ती घटते. वरील उदाहरणात रोधक्षेत्र ०.२४ वर आणल्यानंतर स्वाराची शक्ती २२० वरून सुमारे २०७ वॉटवर उतरली, तर मिळालेला सगळा लाभ नाहीसा होतो. म्हणजे तेरा वॉटची घट ९२ सेकंदांचा लाभ गिळून टाकते. उत्तम बैठक म्हणजे सर्वांत खालची बैठक नव्हे. जी शर्यतीच्या अखेरपर्यंत टिकवून धरता येते ती.

वायुगतिकी ही फक्त अतिवेगवान स्वारांसाठी आहे, सामान्यांना तिचा उपयोग नाही, असाही एक समज आढळतो. तो हिशेबाला टिकत नाही. १५० वॉट शक्तीच्या स्वाराला त्याच ४० किलोमीटरसाठी सुमारे ७४ मिनिटे लागतात. रोधक्षेत्रातील तीच सुधारणा त्याचे सुमारे १०५ सेकंद वाचविते, म्हणजे बलवान स्वारापेक्षा अधिक. कारण तो रस्त्यावर अधिक वेळ असतो.

टायरचा धडा

वायुरोध हा मोठा शत्रू असला तरी खर्चाच्या मानाने सर्वांत अधिक फळ देणारी सुधारणा टायरचीच होय. इतिहासाची साक्षही तशीच आहे. जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी बेलफास्ट येथील शर्यतींत विली ह्यूम यांनी ते टायर लावून भरीव रबराच्या चाकांवरील प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. ह्यूम हे काही त्या काळचे अग्रगण्य स्वार समजले जात नव्हते. सायकलीच्या इतिहासात यंत्रातील सुधारणेने माणसाला अधिक वेगवान केल्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

दीर्घकाळ अशी समजूत होती की टायर जितका अरुंद आणि जितका कडक, तितका तो वेगवान. जुन्या टाइम ट्रायल सायकली याच समजुतीच्या काळात घडल्या. त्यांवर १९ ते २३ मिलिमीटर रुंदीचे टायर अतिशय दाबाने भरून चालविले जात. समान दाब असता रुंद टायरचा रस्त्याला टेकणारा ठसा आखूड होतो व त्याची कड कमी दबते, म्हणून त्याचे लोटन-घर्षण कमी असते, हे आता मान्य झाले आहे. शिवाय रस्ता खडबडीत असता फार कडक टायर दगडावरून वाहण्याऐवजी उसळतो. प्रत्येक उसळीबरोबर सायकल व स्वार दोघेही किंचित वर उचलले जातात आणि ती शक्ती शरीराच्या स्नायूंत विरून जाते. गुळगुळीत ढोलावर घेतलेल्या चाचणीत हा तोटा दिसत नाही. रस्त्यावर मात्र तो भोगावा लागतो.

वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष लागू पडतो. येथील पुष्कळसे रस्ते कापसाच्या काळ्या जमिनीवरून जातात. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे वरचा डांबरी थर कालांतराने लाटांसारखा उंचसखल होतो. अशा पृष्ठभागावर थोडा रुंद, लवचिक बांधणीचा टायर, त्यात ब्यूटिल रबराऐवजी लॅटेक्सची ट्यूब आणि स्वाराच्या वजनाला साजेसा माफक दाब ही जोडी महागड्या चाकापेक्षा अधिक काम करते. मात्र लॅटेक्सच्या ट्यूबमधून हवा लवकर झिरपते. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी ती भरावी लागते.

आणि येथेच जुन्या सायकलीची खरी अडचण दिसून येते. काही जुन्या फ्रेममध्ये चिमटा व ब्रेक यांच्या मधली जागा इतकी थोडी असते की २३ मिलिमीटरहून रुंद टायर त्यांत बसतच नाही. अशी फ्रेम बदलणे समर्थनीय ठरते. पण ते ती जुनी आहे म्हणून नव्हे, तर ती योग्य टायर स्वीकारू शकत नाही म्हणून. तसेच फ्रेम स्वाराच्या मापाची नसेल, तिला तडा गेला असेल, किंवा तिचे सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर बदल अपरिहार्य असतो. उलटपक्षी, हल्लीच्या फ्रेममध्ये ब्रेकच्या तारा व नळ्या आतून नेलेल्या असतात. त्यामुळे वायुरोध किंचित घटतो, परंतु साध्या दुरुस्तीसाठीही पुढचा अर्धा भाग उलगडावा लागतो. ज्याला सुटे भाग मोठ्या शहरातून मागवावे लागतात त्याने हा खर्चही हिशेबात धरावा.

यंत्र की मनुष्य : जगातील काही प्रसंग

यंत्र आणि मनुष्य यांतील श्रेय वाटून देणे किती अवघड असते, हे एका तासात कापलेल्या अंतराच्या विक्रमावरून समजते. १९७२ साली एडी मर्क्स यांनी मेक्सिको सिटी येथे साध्या गोल नळ्यांच्या सायकलीवर एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. १९८४ साली त्याच शहरात फ्रान्सेस्को मोझर यांनी भरीव चकतीची चाके लावून ५१.१५१ किलोमीटर गाठले. १९९३ च्या जुलैमध्ये स्कॉटलंडचे ग्रॅम ओब्री यांनी नॉर्वेतील हामार येथे ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला. ओब्री यांची सायकल त्यांनी स्वतः बनविलेली होती आणि तिच्यात धुलाई यंत्रातील बेअरिंग वापरल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्यांचे खरे संशोधन यंत्रात नव्हते, बैठकीत होते : हात दुमडून छातीखाली घेतल्यामुळे वाऱ्याला अडविणारा भागच नाहीसा झाला.

याहून बोलका पुरावा क्रिस बोर्डमन यांचा. त्यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये लोटस कंपनीच्या कार्बनच्या सायकलीवर सुवर्णपदक मिळविले, तेव्हा विजयाचे श्रेय स्वाराला की सायकलीला असा वाद रंगला. पुढे १९९६ साली मँचेस्टर येथे हात पूर्णपणे पुढे पसरलेल्या बैठकीत त्यांनी एका तासात ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले. नंतर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा बैठका निषिद्ध ठरवून मर्क्सच्या काळातील सायकलीसारखेच यंत्र वापरण्याचा नियम केला. आणि २००० साली त्याच मँचेस्टरला, त्या नियमाप्रमाणे, बोर्डमन यांनी ४९.४४१ किलोमीटर कापले. मर्क्सपेक्षा अवघे दहा मीटर अधिक. एकाच मनुष्याच्या दोन प्रयत्नांत जवळजवळ सात किलोमीटरचे, म्हणजे शेकडा १४ चे अंतर पडले. चार वर्षांत त्यांचे वयही वाढले होते, म्हणून ही सर्व तफावत यंत्र व बैठक यांच्या खाती मांडता येणार नाही. परंतु तिचा मोठा भाग तेथलाच, यात शंका नाही. मर्क्स यांचा विक्रम सव्वादोन हजार मीटर उंचीवरील विरळ हवेत झाला होता, तर मँचेस्टर जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. तेव्हा ते दहा मीटरही दिसतात तितके साधे नाहीत.

१९८९ च्या फ्रान्स परिक्रमेचा शेवटचा दिवसही येथे आठवावा. व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये ग्रेग लेमाँड यांनी कोपर टेकविण्याचे जोड-हँडल व निमुळते शिरस्त्राण वापरले. लॉराँ फिन्याँ उघड्या डोक्याने व नेहमीच्या शिंगांच्या हँडलने धावले. ५० सेकंदांची आघाडी त्या एका टप्प्यात पुसली गेली आणि सारी स्पर्धा लेमाँड यांनी ८ सेकंदांनी जिंकली. ते जोड-हँडल कोणत्याही जुन्या सायकलीला पान्याने बसविता येण्यासारखे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

विदर्भातील उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,९०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली. त्यापूर्वी २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघातून ती पार पाडली होती. हीसुद्धा घड्याळाविरुद्धचीच धाव. पण विश्रांतीसकट सरासरी वेग ताशी सतरा किलोमीटरच्या आसपास येतो. येथे काही सेकंद वाचविणाऱ्या फ्रेमपेक्षा मनगट व मान बधिर होऊ न देणारी बैठक, झोपेचे नियोजन आणि अन्नपाणी यांचे मोल अधिक. सुधारणा कोणती करावी हे अंतराप्रमाणे कसे बदलते, ते यावरून स्पष्ट होईल.

तुलनेतील फसगत

आतापर्यंतचा हिशेब कागदावरचा झाला. प्रत्यक्षात स्वार नवी वस्तू घेतो, नेहमीच्या रस्त्यावर वेळ नोंदवितो आणि तो घटला असल्यास खरेदी सार्थकी लागली असे मानतो. या पद्धतीत मोठी फसगत संभवते, आणि वर्ध्याच्या हवामानात तर ती विशेषच.

हवेची घनता तापमान वाढले की कमी होते. डिसेंबरच्या पहाटे तापमान १२ अंश व हवेचा दाब ९८५ हेक्टोपास्कल असता घनता १.२० भरते, मे महिन्यात भर दुपारी तापमान ४३ अंश व दाब ९७० हेक्टोपास्कल असता ती १.०७ वर येते. पूर्वीच्याच स्वाराने, पूर्वीच्याच सायकलीवर, तेवढीच शक्ती लावली, तर डिसेंबरात त्याला ६४ मिनिटे ४७ सेकंद लागतात आणि मे महिन्यात ६२ मिनिटे ३२ सेकंद. सव्वादोन मिनिटांचा हा फरक वर दिलेल्या यादीतील कोणत्याही एका सुधारणेपेक्षा मोठा आहे, आणि तो एक पैसाही न खर्चता पडला. ज्याने हिवाळ्यात जुनी सायकल व उन्हाळ्यात नवी सायकल अजमावली, त्याला खरेदीचा चमत्कार दिसेल. पण तो चमत्कार सूर्याचा असेल. अर्थात वर्ध्याच्या वैशाखातील उन्हात शरीर तेवढी शक्ती देऊ शकत नाही, आणि अशा वेळी जोराचा प्रयत्न करणे उष्माघाताला आमंत्रण देणारे आहे. तेव्हा उलट दिशेनेही निष्कर्ष चुकू शकतो : सायकल सुधारलेली असूनही उन्हाने थकलेल्या स्वाराचा वेळ वाढतो आणि दोष निष्कारण सायकलीवर येतो.

वाऱ्याचेही असेच. जाताना समोरून आलेला वारा परतताना पाठीशी असतो, म्हणून जमाखर्च सारखा होतो, अशी कल्पना असते. ती चुकीची आहे. सेकंदाला दोन मीटरची मंद झुळूक असली तरी वीस किलोमीटर जाऊन वीस किलोमीटर परतणाऱ्या या स्वाराचे सुमारे ३९ सेकंद वाया जातात. कारण प्रतिकूल दिशेत तो अधिक काळ राहतो. तिसरी गोष्ट स्वाराची स्वतःची. झोप, आहार, उत्साह यांमुळे शक्तीत शेकडा २ चा चढउतार सहज होतो. तेवढ्याने ३० सेकंद इकडचे तिकडे होतात. नव्या फ्रेमचे २२ सेकंद या गोंधळात बुडून जातात. आणि नवी वस्तू घेतल्याच्या उमेदीने मनुष्य अधिक जोर लावतो, हे तर मानवी स्वभावाला धरूनच आहे.

म्हणून सुधारणेची परीक्षा वेळेवरून न करता शक्ती आणि वेग यांच्या संबंधावरून केली पाहिजे. जर्मनीतील उलरिक शोबेरर यांनी १९८० च्या दशकात सायकलीवर बसविता येणारे शक्तिमापक यंत्र तयार केले. पुढे अशी यंत्रे अनेकांनी बनविली. शक्ती, वेग, तापमान व दाब यांच्या नोंदी असल्या की वरील समीकरण उलटे वापरून रोधक्षेत्र काढता येते. याकरिता महाग वातबोगद्याची गरज नाही. वाहतूक तुरळक असलेला एक-दोन किलोमीटरचा सपाट रस्ता, वारा पडलेली हिवाळ्यातील सकाळ आणि चिकाटी एवढे पुरते. जुनी मांडणी ‘अ’ व नवी ‘ब’ धरल्यास फेऱ्या अ, ब, ब, अ या क्रमाने घ्याव्यात, प्रत्येक फेरी जाऊन-येऊन करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हा क्रम राखला की सकाळ चढत जाताना हवेत होणारा बदल आणि स्वाराचा वाढता थकवा हे दोन्ही मांडण्यांच्या वाट्याला जवळपास सारखे येतात. शक्तिमापक नसेल तर सौम्य उतारावर पॅडल न मारता सायकल सोडून देऊन ती किती दूर जाते हे वारंवार मोजणे, हा प्राथमिक पण प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहे. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या गटाला हा प्रयोग अल्प खर्चात करता येण्यासारखा आहे, आणि त्यातून आपल्या रस्त्यांचे लोटन-गुणांक तरी निश्चित हाती लागतील.

सुधारणेचा निकष

मनुष्यबळावर चालणारे यंत्र सुधारले म्हणजे नेमके काय साधले, हा प्रश्न वर्ध्याच्या भूमीला अपरिचित नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी आजही अभ्यसनीय वाटतात. केवळ अधिक सूत निघावे एवढीच अट नव्हती. आठ तासांत ठराविक प्रतीचे १६,००० फूट सूत निघाले पाहिजे. ते काढताना कातणाऱ्यास फार श्रम पडता कामा नयेत. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक असू नये. आणि वेळोवेळी दुरुस्ती केली असता ते वीस वर्षे चालले पाहिजे. हे पारितोषिक कोणालाही मिळाले नाही. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले आणि १९३८ साली तेथे मगन संग्रहालय उघडले गेले. तेथे चरख्याची निरनिराळी रूपे पाहावयास मिळतात.

शर्यतीची सायकल आणि चरखा यांचे प्रयोजन भिन्न आहे. एकाचे उद्दिष्ट स्पर्धा, दुसऱ्याचे उपजीविका. तथापि परीक्षेची रीत तीच लागू पडते. किती मिळाले, किती श्रमात, किती खर्चात, आणि किती काळ टिकेल, हे चारही प्रश्न एकत्र विचारल्याखेरीज सुधारणेची किंमत ठरत नाही. या रीतीने पाहता जुन्या टाइम ट्रायल सायकलीसंबंधी असा निष्कर्ष निघतो : सुधारणेने वेग वाढू शकतो, किंबहुना योग्य क्रमाने केल्यास चाळीस किलोमीटरमध्ये तीन मिनिटांच्या आसपास लाभ होऊ शकतो, परंतु त्यातील फार मोठा भाग टायर, बैठक, पोशाख आणि स्वच्छ साखळी यांतून येतो, आणि या चारही गोष्टी जुन्या सायकलीवर साधता येतात. फ्रेमचा क्रम त्यानंतरचा, आणि वजनाचा, सपाट रस्त्यावर तरी, सर्वांत शेवटचा.

ज्या विद्यार्थ्याची सायकल जुनी आहे म्हणून तो स्वतःला स्पर्धेबाहेर समजतो, त्याच्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व आहे. त्याच्या आणि नव्या सायकलीवरील प्रतिस्पर्ध्याच्या मध्ये यंत्रामुळे पडणारे अंतर, बैठक व टायर नीट केल्यावर, काही सेकंदांचे उरते. उरलेले अंतर सरावाचे असते. आणि सरावाला लागणारा रस्ता सेवाग्राम, पवनार, हिंगणघाट यांच्या दिशेने त्याच्या दारापासूनच सुरू होतो.